मृतांवर हुकूम कोणाचा?

तारापूर एम.आय.डी.सी.तील पाळ्या बदलतात तशी बोईसरच्या मशिदींतील जमात लहानमोठी होत असते. पहिली पाळी असलेले लोक इशाला पुढच्या सफेत दिसतात. दुसऱ्या पाळीचे आठवडाभर दिसतच नाहीत. असेच एक पाळीचे नमाजी काही महिन्यांपूर्वी इशानंतर थांबून राहिले. सगळे गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसले. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत लॅपटॉप. गेल्याच वर्षी त्यांच्या धाकट्या भावाची जनाजाची नमाज मी पढवली होती, म्हणून घरातील काही दुखणे असेल असे वाटले. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मौलाना, माझा मुलगा मुर्दे उठवतो."

खरे सांगायचे तर आधी धसका बसला आणि उलगडा झाल्यावर हसू आले. मुलगा अठरा वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. रात्री दार लावून संगणकावर एक खेळ खेळतो. त्या खेळात तो स्वतः एक मेलेला जादूगार झाला आहे, हाडांचा नुसता सापळा. आणि मेलेल्यांना उठवून तो त्यांना लढायला लावतो. वडिलांनी दाराच्या फटीतून हे पाहिले होते. "हा शिर्क आहे ना? लॅपटॉप फोडून टाकू का?" त्यांनी विचारले.

माझ्या मनात तोवर पुढच्या जुम्याचा खुतबा तयार होऊ लागला होता. विषय आयता होता आणि शब्दही आयते सुचत होते. परंतु बातमी आली की आधी तिची शहानिशा करा, अजाणतेपणी कोणावर आघात करून मागाहून पस्तावू नका, ही सूरह अल्-हुजुरातमधील शिकवण मी मुलांना मक्तबमध्ये शिकवतो. ती स्वतःला लागू करणे प्राप्त होते. मी म्हणालो, "फोडू नका. उद्या असरनंतर त्याला लॅपटॉप घेऊन पाठवा. आधी पाहू तर द्या."

खेळ काय आहे

मुलगा आला तो मान खाली घालून. मक्तबच्या खोलीत आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "बेटा, मला यातले काही कळत नाही. पहिलीच्या मुलाला शिकवतोस असे समजून सांग." हळूहळू त्याची मान वर आली.

खेळाचे नाव ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन २’. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओज या कंपनीने तो २०१७ मध्ये काढला. नावातील ‘ओरिजिनल सिन’ म्हणजे मूळ पाप ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील कल्पना आहे; आपल्या श्रद्धेनुसार प्रत्येक मूल निष्पाप, फितरतवर जन्माला येते, हे मी जाता जाता त्याला सांगितले. अशा खेळांचे मूळ १९७४ सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. त्यात चार-पाच मित्र टेबलाभोवती बसत, कागदावर आपापले पात्र लिहीत, फासे टाकत आणि मिळून एक गोष्ट पुढे नेत. आज फासे टाकण्याचे काम संगणक करतो. रीत मात्र तीच राहिली आहे. खेळण्यापूर्वी आपले पात्र आपणच घडवायचे. हाती थोडे गुण दिलेले असतात. ते बळाला द्यावेत की बुद्धीला, चपळाईला की स्मरणाला, हे आपण ठरवायचे. सगळीकडे पुरतील इतके गुण कोणालाच मिळत नाहीत.

या मुलाने बळाला काही दिले नव्हते. जवळजवळ सारे बुद्धीला दिले होते, कारण जादूगाराच्या प्रहाराची धार बुद्धीप्रमाणे वाढते. विद्या निवडली होती ती मृतांची. या विद्येत शत्रूला जखम केली की त्याच्या गेलेल्या प्राणशक्तीचा काही अंश आपल्याला मिळतो. रणात पडलेले प्रेत उठवता येते. ते काही फेऱ्या आपल्या बाजूने लढते आणि मग मोडून पडते. प्रेताचा स्फोट करून समोरच्याला मारताही येते. जो हे सारे करतो तोही मृतच. त्याला वेगळे नियम लागू आहेत. विष त्याच्या जखमा भरून काढते आणि जी जादू इतरांना बरे करते ती त्याला जखमी करते. माणसांच्या वस्तीत शिरताना त्याला तोंड झाकावे लागते, नाहीतर लोक घाबरून अंगावर येतात. पडद्यावर तो उभा होता: अंगात झगा आणि चेहरा फडक्याने गुंडाळलेला.

मी विचारले, "इतकी पात्रे असताना हेच का घेतलेस?"

तो म्हणाला, "हा आधीच मेलेला आहे, मौलाना. याला मरणाची भीती नाही."

हे वाक्य मी ऐकले, पण त्यावर थांबलो नाही. जायज की नाजायज, या विचारात मी गुंतलो होतो.

जादू आणि जादूची गोष्ट

जादू हे लहानसहान पाप नाही. विनाश ओढवणाऱ्या सात पापांपासून दूर राहा असे प्रेषितांनी (स.) बजावले, तेव्हा शिर्कच्या पाठोपाठ जादूचे नाव घेतले. सूरह अल्-बकरामध्ये हारूत आणि मारूत यांच्या प्रसंगात सांगितले आहे की लोक त्यांच्याकडून नवरा-बायकोत फूट पाडणाऱ्या गोष्टी शिकत. आणि तिथेच स्पष्ट केले आहे की अल्लाहच्या परवानगीवाचून ते कोणाचे काही बिघडवू शकत नव्हते. यावरून जादूचा गुन्हा कशात आहे ते कळते. अल्लाहखेरीज अन्य कोणाकडे तशी सत्ता आहे असे मानणे, त्या सत्तेपुढे झुकणे आणि तिच्या नावाने माणसांचे नुकसान करणे, हा तो गुन्हा आहे.

आता या मुलाकडे पाहा. तो काही मानत नाही, कोणापुढे झुकत नाही, कोणाचे वाईट चिंतत नाही. त्याला पक्के ठाऊक आहे की पडद्यावरचे प्रेत म्हणजे रंगीत ठिपके आहेत. तो एका गोष्टीत शिरला आहे. गोष्टीत अघटित घडते म्हणून ती ऐकणारा काफिर ठरत नाही. ह. आयेशा (रजि.) लहान होत्या तेव्हा त्यांच्या बाहुल्यांत चिंधीचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. प्रेषितांनी (स.) विचारले की घोड्याला पंख कसे? ह. आयेशांनी उलट विचारले, ह. सुलैमान (अ.) यांच्याकडे पंखांचे घोडे होते हे तुम्ही ऐकले नाही का? यावर अल्लाहचे प्रेषित (स.) इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. ही हकीकत अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. मुलाच्या कल्पनेकडे पाहून आपल्या कपाळाला आठी पडते, तेव्हा हे हसणे आठवावे.

आपल्या वडीलधाऱ्यांनीही अशा गोष्टी ऐकल्या आहेत. अमीर हमजाची दास्तान ऐकत कितीतरी रात्री सरल्या. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्मे होशरुबा’चे जाडजूड खंड काढले, जादूगारांचा बादशहा अफरासियाब त्यांत पानोपानी भेटतो. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी आणल्या. ‘वेताळपंचविशी’त तर राजाच्या खांद्यावरचे प्रेत बोलते. बी.ए.च्या वर्षांत मी हे सारे वाचले आणि अल्लाहच्या कृपेने माझे ईमान शाबूत राहिले.

घाईने निवाडा केला की काय होते याचा दाखला अमेरिकेत मिळतो. तिथे १९८२ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या एका मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने खेळाला दोषी धरले आणि पुढच्या वर्षी त्याविरुद्ध संघटना उभी केली. मुले सैतानाची पूजा शिकत आहेत असा गलबला धर्मपीठांवरून सुरू झाला. पुढे अभ्यास झाले तेव्हा खेळामुळे आत्महत्या होतात असे काही सिद्ध झाले नाही. त्या आईला मी हसणार नाही. ज्याचे मूल गेले त्याला कारण हवे असते. परंतु सर्वांचे बोट खेळाकडे वळले की मुलाच्या मनात काय चालले होते, हे विचारायचे राहून जाते.

तेव्हा त्या वडिलांना मी सांगितले की माझ्या समजुतीप्रमाणे हा शिर्क नाही. चित्रे, संगीत, वेळेचा अपव्यय यांविषयी उलेमांची मते आहेत. त्यासाठी जवळच्या दारुल इफ्ताला विचारावे. नमाज बुडवणारा कोणताही खेळ, मग तो क्रिकेट का असेना, माणसाला तोट्यातच नेतो. पण ज्या शब्दाने माणूस दीनबाहेर जातो तो शब्द आपल्याच मुलाविरुद्ध सहज उच्चारू नये.

मृताला उठवणे म्हणजे काय

ते गेले आणि मला वाटले, प्रश्न सुटला. झोपताना लक्षात आले की मी सोप्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. दास्तानीत जादूगार हा शत्रू असतो आणि ऐकणारा अमीर हमजाच्या बाजूने असतो. इथे मुलगा स्वतःच जादूगार झाला आहे. नफ्स ज्या भूमिकेत रोज वावरतो तिची इच्छा थोडी का होईना, त्याला लागते. मग या भूमिकेची इच्छा कोणती?

मृतांना उठवण्याचे प्रसंग कुरआनमध्येही आहेत. ह. इब्राहीम (अ.) यांनी अल्लाहला विचारले की तू मृतांना कसे जिवंत करतोस ते मला दाखव. विश्वास नाही का, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की विश्वास आहे, पण हृदयाला शांती हवी आहे. मग चार पक्ष्यांचा तो प्रसंग घडला. उजाड वस्तीवरून जाणाऱ्या एका माणसाला अल्लाहने शंभर वर्षे मृत ठेवून उठवले आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाढवाच्या हाडांवर मांस चढवले. ह. ईसा (अ.) मृतांना जिवंत करीत, पण प्रत्येक वेळी अल्लाहच्या परवानगीने, हे कुरआनने आवर्जून सांगितले आहे.

हे प्रसंग शेजारी ठेवून पाहा. एकाही ठिकाणी उठलेला मृत कोणाचा चाकर होत नाही. पक्षी ह. इब्राहीम (अ.) यांच्यासाठी शिकार करत नाहीत. शंभर वर्षांनी उठलेल्याला कोणी सैन्यात भरती करत नाही. जिवंत करणे ही अल्लाहची निशाणी असते, आणि उठलेल्याचे आयुष्य त्याचेच असते. खेळातील जादूगार जे करतो ते याच्या उलट आहे. तो प्रेताला जीवन देत नाही. त्याच्याकडून काम करून घेतो. प्रेत नकार देऊ शकत नाही, मजुरी मागू शकत नाही, थकलो म्हणू शकत नाही. जे आता बोलू शकत नाहीत त्यांच्यावर हुकूम चालवणे, एवढीच त्या विद्येची इच्छा आहे.

दीनमध्ये मृताचे हक्क आहेत. मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखे आहे असे प्रेषितांनी (स.) सांगितले. मेलेल्यांना शिव्या देऊ नका असे सांगितले. एका यहुदी माणसाचा जनाजा जाताना ते उठून उभे राहिले आणि कोणी विचारले तेव्हा तोही एक जीव नव्हता काय, असा उलट प्रश्न केला. मृत माणूस आपल्या हाताबाहेर गेलेला असतो आणि अल्लाहच्या हाती असतो. उहुदच्या रणांगणावर ह. जाबिर (रजि.) यांचे वडील शहीद झाले, मागे मुलेबाळे आणि कर्ज राहिले. शोकात असलेल्या जाबिरना प्रेषितांनी (स.) सांगितले की अल्लाह त्यांच्या वडिलांशी पडद्याविना बोलला आणि काय हवे ते माग म्हणाला. त्यांनी पुन्हा दुनियेत जाऊन पुन्हा शहीद होण्याची इच्छा व्यक्त केली. उत्तर मिळाले की गेलेले परतत नाहीत, हे आधीच ठरलेले आहे. इतक्या प्रिय दासाचीही ही एक मागणी पुरी झाली नाही.

मुर्दे उठवणारे आपल्यातच आहेत

हे ध्यानात आल्यावर खेळातील जादूगारापेक्षा खरे जादूगार मला ठळक दिसू लागले.

विरार-डहाणू लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती सर्वांनी वाचल्या आहेत. प्रेमात अपयश, घरात भांडण, नोकरी, सवत, गुप्त शत्रू; कुठलाही बाबा, चोवीस तासांत काम. त्यातील कितीतरी बाबा आपल्यासारखी टोपी घालतात आणि आपल्याच आयती पुटपुटतात. मुवक्किल ताब्यात आहेत, गेलेल्यांच्या रूहशी बोलणे होते, असे सांगून पैसे उकळतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराचा दावा करून फसवणे, हे आता गुन्हे आहेत. आपल्या दीनने तर हे दार कधीच बंद केले होते: भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणा करणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज स्वीकारली जात नाही, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. मुलाचा खेळ निदान ‘मी खेळ आहे’ असे सांगून सुरू होतो. बाबा आपल्या खोट्याला खरे म्हणतो. आणि मुलाचा लॅपटॉप फोडायला निघालेल्या घरांतूनच त्या बाबाकडे नजराणे जातात.

दुसरा प्रकार याहून सभ्य आहे. वारसाहक्काच्या वाटणीत मला कधी कधी पंच म्हणून बसवतात. तिथे हमखास कोणीतरी म्हणतो, "अब्बांची इच्छा होती की घर मलाच मिळावे." "भाई मरताना म्हणाला होता की बहिणींना काही द्यायची गरज नाही." अब्बा येऊन नाही म्हणू शकत नाहीत, हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. विधवेचा आठवा हिस्सा आणि बहिणींचा वाटा अल्लाहने कुरआनमध्ये ठरवून दिलेला असताना आपण कबरीतील माणसाला उठवतो, त्याच्या तोंडी आपले शब्द घालतो आणि त्याला आपल्या बाजूने लढवतो. लढाई संपली की तो पुन्हा मोडून पडतो. त्याच्या नावाची दुआसुद्धा कोणाला आठवत नाही. या विद्येला संगणक लागत नाही.

मृतांशी आपले नाते दीनने कोणत्या दिशेने बांधले आहे? एकदा एक जनाजा आणला गेला. मृतावर कर्ज होते आणि ते फेडण्याइतके मागे काही नव्हते. प्रेषितांनी (स.) स्वतः नमाज पढवली नाही, तुम्ही आपल्या साथीदाराची नमाज पढा, असे सांगितले. ह. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्यावर घेतले, तेव्हाच ते नमाजसाठी उभे राहिले. माणूस गेला की त्याची कर्मे थांबतात. उरते ते अखंड चालणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक संतान. म्हणजे मृत आपल्यासाठी राबत नाहीत. आपण मात्र त्यांच्यासाठी काही करू शकतो.

झाकलेला चेहरा

हे विचार घेऊन मी त्या मुलाला पुन्हा बोलावले. सांगायला माझ्याकडे आता बरेच होते. विषाने बरा होणारा आणि औषधाने जखमी होणारा तो सापळा मनात घोळत होता. कुरआन श्रद्धावंतांसाठी शिफा आहे आणि अत्याचाऱ्यांची मात्र हानीच वाढवते, हे सूरह बनी इस्राईलमधील वचन त्याला जोडून एक चांगली नसीहत तयार केली होती.

ती बोलायची वेळ आली नाही. मी सहज विचारले, "चाचांची आठवण येते का?"

त्याचा चाचा म्हणजे ज्याची जनाजाची नमाज मी पढवली तो. वय पस्तिशीच्या आतले. एका कारखान्यातील दुर्घटनेत तो गेला. घर एकच होते आणि या मुलाला सायकल त्यानेच शिकवली होती. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला चेहरा दाखवला नाही."

मला सारे आठवले. मय्यत आली तेव्हा चेहऱ्याची अवस्था बरी नव्हती. गुस्ल देणाऱ्यांत मी होतो. घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारले, मुलांना दाखवायचे का? मी म्हणालो होतो, नको, लहान आहेत, घाबरतील. चेहरा झाकला तो झाकलाच राहिला. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि खांदा द्यायला पुढे होता. कबरीत माती टाकताना आपण कोणावर माती टाकतो आहोत, हे त्याने पाहिले नव्हते.

पुढे महिनाभर आम्ही सर्वांनी त्याला सब्र सांगितला. मीही सांगितला. घरात रडू आले की कोणीतरी म्हणे, पुरुषासारखा वाग, अब्बांकडे पाहा. आमचे प्रत्येक औषध त्याला जखम करीत होते. आणि बंद दारामागचे, गुंडाळलेल्या चेहऱ्याचे, न मरणारे ते पात्र त्याला थोडा आराम देत होते. जे वचन मी त्याच्यासाठी काढून ठेवले होते ते त्याला लागू नव्हतेच. त्या वचनात दोष अत्याचाऱ्याचा आहे. इथे औषध चुकले होते आणि ते देणारा मी होतो. प्रेषितांचे (स.) लहानगे पुत्र इब्राहीम त्यांच्या हातांत अखेरचे श्वास घेत होते तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. कोणी आश्चर्य व्यक्त केले तेव्हा त्यांनी अश्रूंना रहमत म्हटले. जिभेवर तक्रार नसावी. डोळ्यांना मनाई नाही. सब्रचा हा अर्धा भाग मी त्या मुलाला सांगायला विसरलो होतो.

मी त्याची माफी मागितली. मग जे त्या दिवशी दाखवले नव्हते ते सांगितले. गुस्ल कोणी कोणी दिला. पाणी किती सांभाळून ओतले. उजव्या बाजूने कशी सुरुवात केली. अखेरच्या पाण्यात कापूर घातला होता. चेहऱ्याची एक बाजू फार भाजलेली होती, पण दुसरी बाजू त्याच्या ओळखीची होती आणि डोळा मिटलेला होता. यात काही वाढवले नाही, काही लपवले नाही. तो रडला. मी त्याला थांबवले नाही.

त्या शुक्रवारी आम्ही दोघे कब्रस्तानात गेलो. सलाम कसा करायचा ते त्याला येत होते. त्याने विचारले, "चाचांना ऐकू जाते का?" मी म्हणालो, "कबरीतील लोक काय आणि किती ऐकतात यावर उलेमांनी पुष्कळ लिहिले आहे. कब्रस्तानात शिरताना सलाम करायचा, हे मात्र आपल्याला शिकवले आहे. तेवढे आपण करू." परतताना ह. अबू कतादांची (रजि.) हकीकत त्याला सांगितली. दोन दिवसांनी तो नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गेला आणि चाचांच्या नावावर काही उधारी आहे का, असे त्याने विचारले. टपरीवाल्या काकांनी जुनी वही काढली. सातशे चाळीस रुपये निघाले. "राहू दे रे," ते म्हणाले, "मी काय तुझ्या घरी मागायला आलो होतो?" मुलाने राहू दिले नाही.

तो खेळ त्याने सोडला का, हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. मी विचारले नाही. त्याच्या वडिलांना मात्र तीन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही लिहितो. खेळाने नमाज आणि झोप खाता कामा नये. लॅपटॉप बंद खोलीत न ठेवता घराच्या बैठकीत असावा. आणि तिसरी, सर्वांत कठीण: एखाद्या संध्याकाळी पाळीवरून आल्यावर मुलाशेजारी बसून त्याने काय घडवले आहे ते त्याच्याकडूनच ऐकावे. आपले मूल कोणते पात्र घडवते, बळाला काय देते, बुद्धीला काय देते आणि कोणाचा चेहरा झाकून ठेवते, हे पाहिले तर पुष्कळदा ते जे बोलू शकत नाही ते कळते. तिसरी गोष्ट ऐकून वडील काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मलाही त्याचा चेहरा नीट आठवत नाही, मौलाना." तो त्यांचा सख्खा भाऊ होता.

मृतांवर हुकूम फक्त अल्लाहचा आहे, आणि एक दिवस त्याच्याच हुकमाने आपण सारे उठवले जाणार आहोत. त्या दिवशी ज्यांच्या तोंडी आपण आपले शब्द घातले ते स्वतःच्या तोंडाने बोलतील. तोवर त्यांच्या नावाने काही मागण्याऐवजी त्यांच्या नावाने काही द्यावे. अल्लाह आपल्या मरहूमांची मगफिरत करो, कारखान्यांत घाम गाळणाऱ्या आपल्या भावांना सुखरूप घरी आणो आणि आपल्या मुलांच्या मनातले ऐकण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.